दुपारपर्यंत मऊ राहिलेली भाकरी

आमच्या घरात चपाती आली ती माझ्या कॉलेजमुळे. त्याआधी गहू यायचा तो रेशनवर मिळायचा म्हणून. होळीला पुरणपोळी, पाहुणे आले तर पुऱ्या, उरलेला कोंबड्यांना. आमचं गाव पळसदरीच्या पुढे, रुळांपासून बरंच आत. तिथे सकाळी तांदळाची भाकरी, दुपारी भात आणि संध्याकाळी पुन्हा भात. बारावीच्या पुढे आमच्या घरातलं कोणी गेलं नव्हतं. मी कर्जतला बी.एस्सी.ला जायला लागले आणि पहिल्याच आठवड्यात घरी सहज बोलून गेले, की बाकीच्या मुली डब्यात चपाती आणतात.

आईने ते मनावर घेतलं. तिला चपाती येत नव्हती. भाकरी थापणारा हात लाटण्याला लवकर रुळत नाही. सुरुवातीच्या चपात्या कडेला जाड, मधे कागदासारख्या आणि दुपारपर्यंत चामड्यासारख्या व्हायच्या. पण ती रोज करत राहिली आणि एक दिवस पदर सुटलेली, तूप लावलेली चपाती डब्यात आली. नळावर ती बायकांना सांगायची, "माझी पोर चपाती नेते डब्याला." मी ती चपाती मुलींच्या घोळक्यात बसून खायचे आणि मला आपण त्यांच्यातलेच आहोत असं वाटायचं. हे आधी सांगते आहे, कारण पुढे मला त्याच चपातीची इतकी शिसारी आली, की ती कोण करतं हेसुद्धा काही काळ माझ्या लक्षात राहिलं नाही.

दुसऱ्या वर्षाला पोट बिघडायला लागलं. जेवल्यावर थोड्या वेळाने ते ढोलासारखं फुगायचं. मग कळ यायची आणि पळावं लागायचं. कधी सारखे जुलाब, कधी दोन-दोन दिवस काहीच नाही. प्रयोगशाळेत उभी असताना पोटातून असे आवाज यायचे, की शेजारची मुलगी हसू दाबायला ब्युरेटकडे बघत राहायची. आणि वास. मला हे लिहायला लाज वाटते, पण लिहिलं नाही तर पुढचं काही कळणार नाही. स्वतःच्याच अंगातून असा कुजका वास येतो तेव्हा माणसाला स्वतःपासून लांब बसावंसं वाटतं आणि तसं बसता येत नाही.

कॉलेजातल्या मुलींच्या शौचालयाला कडी नव्हती. एका हाताने दार ओढून धरायचं, दुसऱ्या हातात पाण्याची बाटली, बॅग गळ्यात. फरशीवर कायम काळसर पाणी असायचं. कोपऱ्यात कागदात गुंडाळून टाकलेलं काहीतरी, त्यावर माशा. मी ओढणी दातांत धरून बसायचे, म्हणजे ती खाली टेकायला नको. बाहेर आल्यावर हात कितीही धुतले तरी ओढणीला वास लागलाय असं वाटायचं. एकदा मी ती घरी आणून कढत पाण्यात बुडवली. रंग गेला, वास आहे असं वाटणं गेलं नाही.

गावात पोट हा सगळ्यांचा विषय असतो. कोणी ओवा सांगितला, कोणी जंताचं औषध, कोणी दृष्ट काढली. आई ताकात हिंग घालून द्यायची. आणि काकी, म्हणजे बाबांच्या थोरल्या भावाची बायको, त्या म्हणायच्या, "बाहेरचं खात असंल. वडापाव हाणत असंल नि इथं येऊन पोट धरून बसते." काकींचं आणि आमचं अंगण एक, चुली दोन. त्यामुळे माझ्या पोटाची खबर त्यांना आईच्याही आधी असायची. मी मागच्या दाराने किती वेळा गेले हे त्या मोजत असाव्यात. "आज परत गं?" त्या अंगणातून मोठ्याने विचारायच्या, रस्त्यावरचा माणूसही वळून बघेल अशा आवाजात.

मग मी मोबाइलवर एका बाईला बघितलं. चकचकीत ओट्यापुढे उभी राहून ती सांगत होती, की गहू म्हणजे विष. तिने सांगितलेली सगळी लक्षणं माझीच होती. मी दुसऱ्या दिवसापासून गहू सोडला.

आई डबा बांधत होती. मी चपाती बाजूला काढली तेव्हा ती म्हणाली, "काय चुकलं गं? मीठ जास्त झालंय का?"

"तुझं नाय चुकलं. गव्हाचं चुकतंय."

तिने ती चपाती गुंडाळून स्वतः खाल्ली, उभ्या उभ्याच.

थोडे दिवस मला बरं वाटलं. मग पुन्हा तेच सुरू झालं. एका सकाळी मला रस्त्यातूनच घरी परतावं लागलं, तेव्हा बाबा म्हणाले, आता खोपोलीला पोटाच्या मोठ्या डॉक्टरकडे जायचं.

बाबा भाताची शेती करतात आणि शनिवार-रविवारी एका फार्महाऊसवर मुंबईच्या पाहुण्यांचं बघतात. जास्त बोलत नाहीत. खोपोलीला जाताना रिक्षात ते म्हणाले, "हे बघ बाय. आजार असंल तर आपण औषध करू, काय लागंल ते करू. पण डॉक्टर बोलला का डोक्याचं हाय, टेन्शनचं हाय, तर एक वरीस घरी बस. कालेज काय पळून जात नाय."

ते रागाने म्हणाले नव्हते. माझं वजन उतरलेलं त्यांना दिसत होतं. पण वर्षभर घरी बसलेल्या मुली मी बघितल्या आहेत. त्या वर्ष संपायच्या आत दुसऱ्याच्या घरी जाऊन बसतात. मी मान हलवली आणि बाहेर बघत राहिले. त्या दिवसापासून मी मनातल्या मनात एकच मागत होते, की मला खराखुरा, रक्तात दिसणारा आजार निघू दे. असं मागताना स्वतःची किळस येत होती, तरी मी मागत होते.

डॉक्टर घाईत होते. सगळं ऐकून घेतल्यावर त्यांनी विचारलं, "गहू कधीपासून बंद?"

"दीड-दोन महिने झाले असतील."

"कोणी सांगितलं?"

"मोबाइलवर बघितलं."

त्यांनी पेन खाली ठेवलं. "मग आता मी काय तपासू?"

मला वाटलं ते चिडले. पण मग त्यांनी कागदावर आतड्याची नळी काढली आणि समजावून सांगितलं. सिलिअ‍ॅक नावाचा आजार असतो. त्यात गव्हातल्या ग्लुटेनला शरीर शत्रू समजतं आणि लढता लढता स्वतःच्याच आतड्याचं अस्तर झिजवतं. त्याच्या खुणा रक्तात सापडतात, पण गहू पोटात जात असेल तरच. "तू गहू सोडलास, म्हणजे खुणा पुसायला घेतल्यास. आत्ता रक्त घेतलं तर रिपोर्ट चांगला येईल आणि त्याला काही अर्थ नसेल."

"आणि सिलिअ‍ॅक नसला तर?" मी विचारलं.

"तर दोन गोष्टी उरतात. एक, गव्हाची संवेदनशीलता. गहू खाल्ला की त्रास, सोडला की आराम, पण आतडं शाबूत. तिच्यासाठी रक्ताची तपासणी नाही, बाकीचं नाही हे ठरल्यावरच तिचं नाव घ्यायचं. दुसरी, आयबीएस. आतडं दिसायला ठणठणीत, वागायला तिरसट. पोट तिन्हींत फुगतं, जुलाब तिन्हींत होतात. बाहेरून बघून मला कळत नाही, तुलाही कळणार नाही, आणि त्या मोबाइलवाल्या बाईला तर नाहीच."

बाबा खुर्चीत पुढे सरकले. "डोक्याचं म्हणजे त्यातलं कुठलं?"

"आयबीएसमध्ये ताणाचाही भाग असतो," डॉक्टर म्हणाले. पुढे ते आणखीही काही सांगत होते, पण मी बाबांकडे बघत होते. त्यांनी त्यातलं एवढंच उचललं होतं.

निघताना डॉक्टर म्हणाले, काही आठवडे रोज दोन-तीन चपात्या खायच्या, मग रक्त द्यायला यायचं. सिलिअ‍ॅक निघाला तर जन्मभर गव्हाचा कणही नको. हिंगसुद्धा बघून घ्यायचा, त्यात बऱ्याचदा गव्हाचं पीठ असतं. मला आईचं ताक आठवलं. गहू सोडल्यावरही दुखलं की मी तेच पीत होते.

त्या आठवड्यांबद्दल काय सांगू. आईला एका परीने आनंदच झाला, डॉक्टरनेच चपाती खायला सांगितलीय म्हणून. मी मात्र चपातीचा घास तोंडात ठेवायचे आणि तो तिथेच वाढायचा. चघळून चघळून त्याचा गोड चिकट लगदा व्हायचा, टाळूला बसायचा. भिंतीला पोस्टर लावायला खळ करतात तशी खळ आपण गिळतोय असं वाटायचं. गिळल्यावर तो लगदा आत कुठपर्यंत पोचला असेल, डॉक्टरांनी काढलेल्या नळीत कुठे चिकटला असेल, हे मी बघत बसायचे. पोट तर दुखायचंच. कधी कधी घास तोंडात जाण्याआधीच दुखायला लागायचं, पण त्याचा विचार मी तेव्हा केला नाही.

डॉक्टरांनी शौचाचीही तपासणी सांगितली होती. प्लॅस्टिकची बारीक डबी, तिच्या झाकणाला आतून चमचा. ती भरणं जेवढं किळसवाणं, त्याहून नेणं किळसवाणं. मी ती पिशवीत, पिशवी कागदात आणि कागद डब्याच्या जुन्या थैलीत घालून रिक्षात बसले. शेजारी बाजाराला निघालेली एक म्हातारी होती.

"डबा गरम हाय का गं?" तिने थैलीवर हात ठेवत विचारलं. "काय दिलंय आईनं?"

मी तिचा हात बाजूला केला. खोपोली येईपर्यंत थैली मांडीवर धरून बसले. ती थैली पुन्हा घरात नेली नाही, लॅबच्या बाहेर कचऱ्यात टाकली.

रिपोर्ट दिवाळीच्या सुमारास आला. सिलिअ‍ॅक नाही. शौचाच्या तपासणीतही काही नाही. रिपोर्ट देणारी ताई हसून म्हणाली, "छान आहे सगळं." मी जिन्यात बसून रडले. बाबांना वाटलं आनंदाने रडते आहे, आणि त्यांनी मला उसाचा रस पाजला.

डॉक्टर म्हणाले, आता गहू पूर्ण बंद, बाकी सगळं होतं तसंच. मग बघू. मी ते घट्ट धरून ठेवलं. गहू निघाला तरी चालणार होतं. दोष गव्हावर जाईल, कॉलेजवर जाणार नाही.

तेव्हा भातकापणी सुरू झाली होती. कापणीच्या दिवसांत आमच्या दोन चुलींची एक होते. ज्यांचे हातपाय चालतात ते सगळे शेतावर आणि घरी एकीने सगळ्यांचं रांधायचं, हे आजीच्या वेळेपासून चालत आलंय. काकींचे गुडघे धरतात, त्यामुळे रांधणं त्यांच्याकडे. माझ्या डब्याची भाकरीही त्याच थापायच्या.

तांदळाची भाकरी तव्यावरून उतरते तेव्हा लोण्यासारखी असते, पण डब्यात बंद करून दुपार झाली की वातड होते. काकींची तशी झाली नाही. मैत्रिणींसमोर डबा उघडला तर ती घडी करण्याइतकी मऊ. रंगाने किंचित मळकट वाटली, एवढंच.

"काकी, तुमची भाकरी दुपारपर्यंत मऊ राहते," मी घरी येऊन सांगितलं.

"नवा तांदूळ हाय बाय. नव्याला चिकटपणा असतो. तुझ्या आईला जुन्याचीच सवय." आणि त्या हसल्या.

माझं पोट शांत झालं. खरंच झालं. सकाळी निवांत जायचे, कॉलेजात ते दार धरून बसावं लागायचं नाही. त्या दिवसांत जेवण साधं असायचं, भाकरी, सुकट, दुधीची किंवा शिराळ्याची भाजी. मी मैत्रिणीला सांगितलं, गहूच होता. बाबांनाही सांगितलं. ते म्हणाले, "बरं झालं." मी काकींकडून एक भाकरी जास्त मागून घ्यायला लागले.

झोडणी झाली, भात घरात आलं, चुली पुन्हा वेगळ्या झाल्या. आई सवडीने रांधायला बसली आणि पहिल्यांदा तिने काय केलं असेल तर वालाचं बिरडं. आमच्याकडे भात निघाला की त्याच ओलीवर वाल टाकतात. बाबांचा वाल गावात नावाजलेला आहे. लोक बियाणं मागायला येतात. गेल्या वर्षीचा वाल आईने राख लावून ठेवला होता, तो भिजवला, मोड आणले, आम्ही दोघींनी सोलला. कांदा-लसूण, ओलं खोबरं. बाबा पहिला घास घेऊन म्हणाले, "हे खरं जेवण." मी दोनदा वाढून घेतलं. दुसऱ्या दिवशी डब्यातही तेच नेलं.

त्या दुपारी प्रॅक्टिकलची परीक्षा होती. बाहेरून आलेले परीक्षक समोर उभे होते, मी उत्तर देत होते आणि मधेच मला बाहेर पळावं लागलं. शौचालयात मी नेहमीसारखं दार धरलं, पण कळ इतकी होती की हात सुटला. आणि कोणीतरी बाहेरून दार ओढलं.

पहिल्या वर्षाच्या तीन-चार मुली होत्या. त्यांच्यातली एक "शी" म्हणाली. दार लगेच लोटलं गेलं, पण ते "शी" माझ्याबरोबर आत राहिलं. मला तिचा राग आला नाही. मी तिच्या जागी असते तर तेच म्हणाले असते. कपड्यांना लागलेलं मी नळाखाली धुतलं, ओल्या कपड्यांवर मैत्रिणीचं जॅकेट बांधलं आणि परीक्षकांसमोर न जाता घरी आले.

संध्याकाळी ओटीवर बाबा, आई, मी. मी सगळं सांगितलं नाही, पण जॅकेट बघून त्यांना कळलं.

बाबा म्हणाले, "गहू बंद हाय ना तुझा? बंद असून झालं. म्हंजी गव्हाचं नाय. मग राह्यलं काय? एकच राह्यलं." त्यांनी ते नाव घेतलं नाही. "आजच परीक्षा होती ना तुझी?"

"होती."

"बघ."

काकी अंगणात सुपात तांदूळ पाखडत होत्या. त्या सूप घेऊनच ओटीवर आल्या. "गहू बंद कुठं हाय? कापणीभर गहूच खाल्लाय तिनं."

"काय बोलता वयनी?" आई म्हणाली.

"निम्मं तांदळाचं, निम्मं गव्हाचं. मीच मिसळत होते. मऊ भाकरी, मऊ भाकरी करत मागून मागून खाल्लीन, पोटाला धक्का नाय लागला. मी आज बोलणार, उद्या बोलणार करत व्हते." त्या बाबांकडे वळल्या. "पोरीला दुसऱ्याच्या घरी जायचं हाय. तिथं कोण येगळी भाकरी थापणार तिला? बोलले, न सांगता पोटात गेलं तर मनातनं जाईल."

मला आधी कळलंच नाही. मग ती मळकट रंगाची भाकरी डोळ्यांपुढे आली, तिची घडी, आणि तो गोड लगदा टाळूला येऊन बसला. मी मागच्या दारापर्यंतही पोचले नाही. तुळशीच्या अलीकडेच ओकले. दुपारनंतर पोटात काही राहिलं नव्हतं, नुसतं पिवळं कडू पाणी येत राहिलं. कोणीतरी मागून माझं कपाळ धरलं. हाताला पिठाचा वास होता. मी तो झटकला, तरी काकींनी तो पुन्हा कपाळावर ठेवला. "ओक बाय, ओक. मोकळी हो," त्या म्हणत होत्या. ज्या हाताने मला फसवलं त्याच हाताने मला सावरलं होतं आणि त्या हाताचा वास मला सहन होत नव्हता.

ओटीवरून बाबांचा आवाज आला. "महिनाभर खाल्ली तवा काय नाय, नि ऐकल्यावर वकली. अजून काय पायजे?"

ते खरं होतं. तेच मला सगळ्यात घाण वाटलं.

पुन्हा खोपोली. या वेळी बाबांनीच सगळं सांगितलं, काकींच्या भाकरीसकट. डॉक्टर मोठ्याने हसले. "अशी तपासणी आम्हाला करायची असते, पण पेशंटला कळू न देता कशी करणार? तुझ्या काकींना इथे कामाला ठेवायला पाहिजे." मला ते हसणं आवडलं नाही, आणि बहुतेक ते माझ्या चेहऱ्यावर दिसलं. ते गंभीर झाले. "चूकच केली त्यांनी. सिलिअ‍ॅक असता तर त्यांनी तुला रोज आजारी पाडलं असतं. पण झालंय ते झालंय, त्यातून शिकू. कापणीच्या दिवसांत काय खात नव्हतीस, जे नंतर खाल्लंस?"

मला उत्तर माहीत होतं. बाबांनाही माहीत असावं, कारण ते आपल्या चपलांकडे बघायला लागले.

"वाल," मी म्हणाले.

"वालानं कुणाला काय झालंय?" बाबा लगेच म्हणाले. "आमच्या चार पिढ्या वालावर वाढल्या."

"तुमच्या आतड्याला चालतो, हिच्या नाही," डॉक्टर म्हणाले. "वालात, कांद्यात, लसणात काही साखरा अशा असतात की त्या पचत नाहीत. खाली जाऊन आंबतात, त्यांचा वायू होतो. गव्हातही त्या असतात, म्हणून चपातीवर संशय जातो. थोडं थोडं चालतं, पण एकावर एक चढलं की तिरसट आतडं बोंबलतं. आयबीएस म्हणतात ते हेच. आणि हे सोंग नाही हां. जखम नसली तरी दुखणं खरं असतं. भीतीने वाढतं, हेही खरं."

"मग कालेज सोडलं तर थांबंल का?"

मी डॉक्टरांकडे बघितलं.

"आधी वाल सोडून बघा," डॉक्टर म्हणाले आणि पुढच्या पेशंटला हाक मारली.

पळसदरीला उतरून गावाकडे चालत गेलं की रस्त्याकडेला आमचंच शेत लागतं. वाल कोवळा उगवून आला होता. बाबा बांधावर थांबले, वाकून एक पान उलटून बघितलं, कीड आहे का म्हणून, आणि म्हणाले, "डॉक्टरला वालातलं काय कळतंय." मला वाटलं, संपलं. त्यांना वाल आणि कॉलेज यांतलं एक निवडायचं होतं, आणि एक त्यांनी स्वतः पेरलेलं होतं.

आईने काही न विचारता माझ्यापुरतं वेगळं करायला सुरुवात केली. बिनकांद्याची भाजी, तांदळाची भाकरी. पीठ ती माझ्यासमोर डब्यातून काढायची, मला दाखवून. ती भाकरी दुपारी वातड व्हायची आणि त्या वातडपणानेच मला धीर यायचा. काकींशी मी बोलत नव्हते. सत्र संपून कॉलेजला सुट्टी लागली होती. हुकलेल्या प्रॅक्टिकलचं काय करायचं, कॉलेज पुन्हा सुरू होईल तेव्हा मी जाणार की नाही, याबद्दल घरात कोणी तोंड उघडलं नाही. मी विचारायचं धाडस केलं नाही. विचारलं की उत्तर मिळतं.

कॉलेज सुरू व्हायच्या आदल्या दिवशी आमच्याकडे पोपटी लावली, म्हणजे मडक्यात शेंगा भाजायचा बेत. वालाच्या शेंगा भरल्या होत्या. खोपोलीहून मामा आले होते. मडक्यात भांबुर्डीच्या रानझुडपाचा पाला, त्यावर शेंगा, बटाटे, अंडी, ओवा, मीठ, पुन्हा पाला. मडकं उलटं करून भोवती पेंढा पेटवला. सूर्य कलला होता. सगळ्यांना त्या वासाने भूक लागते. मला पूर्वी लागायची. आता तो ओला, शिजत्या शेंगांचा वास नाकात गेला आणि सगळ्यात आधी कॉलेजातलं ते दार आठवलं.

मडकं उघडलं. वाफ अंगावर आली, मी तोंड फिरवलं. काकींनी परातीतून मूठभर शेंगा उचलून माझ्या पत्रावळीवर टाकल्या. "घे बाय, चार खा. पोपटीचा वाल बाधत नाय."

"मला नको."

"वालवाल्याची पोर नि वाल नाय खात?" मामा म्हणाले. "सासरी सांगू नका हां कोणी."

सगळे हसले. मी शेंगांकडे बघत होते. त्यांतून पाणी सुटून पत्रावळीवर पसरत होतं. खाल्ल्या तर उद्या काय होईल हे मला माहीत होतं, आणि नाही खाल्ल्या तर बाबांच्या शेताचा अपमान सगळ्यांसमोर होत होता.

बाबा पलीकडून उठले. माझ्यासमोर उकिडवे बसले आणि माझ्या पत्रावळीवरच्या शेंगा एक एक करून स्वतःच्या ओंजळीत घेतल्या.

"तिला देऊ नका," ते म्हणाले. "सकाळी कालेज हाय तिला."

बाबा जागेवर जाऊन शेंगा सोलून खायला लागले. माझ्याकडे बघितलंही नाही. आई विस्तव सारखा करत राहिली, तो सारखा करायची काही गरज नव्हती.

काकींनी एक अंडं सोललं आणि ते माझ्यापुढे धरलं. बोटांना राख लागलेली होती. मी त्या बोटांकडे बघितलं. कापणीनंतर त्यांच्याशी मी पहिल्यांदा बोलले.

"यात काय मिसळलं नाय ना, काकी?"

"ते कोंबडीला विचार," काकी म्हणाल्या. "ती गहूच खाते."

बाबासुद्धा हसले. मी अंडं घेतलं. त्याला वालाच्या वाफेचा वास होता आणि घशाशी काहीतरी आलं, पण ते मी पाण्याबरोबर खाली ढकललं आणि सकाळची बॅग भरायला आत गेले.